खाड्याचे पैसे कोण देणार?

वाचकांचे आरोग्यप्रश्न

या महिन्याच्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. बीड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये माझी नोकरी गेली, त्यामुळे ऊसतोडीबद्दलची पत्रं माझ्याकडे जास्त येतात आणि त्यांना मी जागाही जास्त देते. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. ते तसंच ठेवते.

प्रश्न : मी धारूर तालुक्यात आशा म्हणून काम करते. आमच्या गावात सव्वीस वर्षांची एक बाई आहे, दोन लेकरांची आई. वर्षभरापासून अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते. खासगी दवाखान्यात सोनोग्राफी करून सांगितलं, "पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका." ऊसतोडीची टोळी जमवणारा मुकादम ऑपरेशनसाठी उचल, म्हणजे कामातून फेडायचे आगाऊ पैसे, द्यायला तयार आहे. तिच्या सासूची आणि थोरल्या जावेची पिशवी आधीच काढलेली. दसऱ्यानंतर टोळी हलायच्या आत मोकळी होते, असं ती म्हणते. तिला पटेल असं मी काय सांगू?

ताई, पहिली गोष्ट ही की तिला त्रास होतोय हे मान्य करा आणि तिच्यासमोर बोलून दाखवा. बायका उगीच कुरकुरतात, असं म्हणणारे घरातही असतात आणि दवाखान्यातही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या बायकांची तपासणी केली होती. त्याचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्या बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे दुखणं खरं असतं. ते बघायला कुणी येत नाही, आणि येतो तो एकदम कापायलाच.

आता तिच्या दुखण्याचं. सव्वीसाव्या वर्षी पांढरं जाण्याचं कारण बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतं. काही दिवसांच्या गोळ्यांनी तो बरा होतो. काही संसर्गांत नवऱ्यालाही गोळ्या द्याव्या लागतात, नाहीतर तो परत परत होतो. उसाच्या फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीचं कापड धुवायला आणि उन्हात वाळवायला जागा नाही. अशा सहा महिन्यांत संसर्ग झाला नाही तरच नवल. कंबर दुखते ती मोळ्या वाहून. पहाटे अंधारात तोडायला लागायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची, आणि हे पाळीत, गरोदरपणात, बाळंतपणानंतर लगेचसुद्धा. त्या कंबरदुखीचा पिशवीशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो, म्हणून पिशवी काढल्यावरही ती जात नाही. सोनोग्राफीच्या कागदावर 'सूज' लिहिलेली मी असंख्य वेळा पाहिली आहे. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी दिसणं हा रोगच असतो असं नाही. पिशवीच्या तोंडाशी लालसर जखमेसारखं दिसणं म्हणजेही कॅन्सर नव्हे.

कॅन्सरच्या भीतीवर नुसतं 'घाबरू नको' म्हणून भागणार नाही, कारण गर्भाशयमुखाचा कॅन्सर आपल्याकडे खरोखर होतो. तिला हे सांगा की सव्वीसाव्या वर्षी तो फार विरळा असतो, आणि तो ओळखायची साधी तपासणी आहे. पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण, पिशवीच्या तोंडाला लावायचं आणि मिनिटभराने रंग बदलतो का ते बघायचं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने सुमारे दीड लाख बायकांना घेऊन अभ्यास केला. तिथे ही तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ज्या आजाराची पहिली तपासणी वस्तीतली शिकवून तयार केलेली मुलगी करू शकते, त्याच्या नुसत्या भीतीपोटी अवयव काढायचा नसतो.

पिशवी काढावी लागते असे आजार आहेत. औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अंग पूर्ण बाहेर येणं, प्रत्यक्ष कॅन्सर. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. आणि पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर सव्वीसाव्या वर्षी तिच्या शरीरात पन्नाशी येईल. हाडं ठिसूळ होतील, अंगातून वाफा येतील, पुढे हृदयविकाराचा धोका वाढेल. अंडाशयं ठेवली तरी त्यांचं काम बऱ्याचदा वेळेआधीच थांबतं. सासूला आणि जावेला ऑपरेशननंतर कसं वाटलं, हे त्यांनाच विचारा, तिच्या देखत. बहुतेक घरांत तोपर्यंत हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो.

पण ताई, तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य वेगळं आहे : टोळी हलायच्या आत मोकळी होते. तिने हिशेब केलाय, आणि तिच्या जागेवरून बघितलं तर तो चुकीचा नाही. पाळीचे दिवस, दुखण्याचे दिवस, दवाखान्याचे दिवस, हे सगळे खाडे. एका खाड्याला पाचशे रुपये, कुठे त्याहून जास्त, उचलीत वाढतात. आजारी पडायचं आणि वर दंडही भरायचा. पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की खाडे गेले. म्हणून 'शरीराला वाईट आहे' एवढ्यावर ती थांबणार नाही. तिला तिच्याच हिशेबात दाखवा : ऑपरेशनची उचल ही नवी फेड, ती डोक्यावर घेऊन ती फडावर जाणार. पोटाच्या ऑपरेशननंतर निदान दीड-दोन महिने जड उचलायचं नसतं, आणि दसरा झाला की टोळी निघते. म्हणजे एकतर सुरुवातीलाच खाडे, नाहीतर ओल्या टाक्यांवर मोळी. आणि कंबर दुखायची राहणारच.

हे एकट्या तुमच्या गावचं नाही. २०१९ साली विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की २०१६-१७ पासूनच्या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. नंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायकांमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं. केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

तेव्हा तुम्ही असं करा. तिला घेऊन उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना सगळे कागद दाखवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. त्यांनी सांगितलेला संसर्गाचा पूर्ण कोर्स, गरज असेल तर दोघा नवरा-बायकोंचा, हंगामाआधीच पुरा करून घ्या. हिमोग्लोबिन बघा. खासगी डॉक्टर अडून बसले तर 'परवानगीचा कागद दाखवा' एवढंच विचारा. हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. कुणी दमात घेतलं तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

प्रश्न : मी पुण्यात राहतो, एका कंपनीतून निवृत्त झालो आहे. सरकार इतक्या योजना देतं, उपचार मोफत आहेत. तरी लोक आजार अंगावर काढतात, मुलींची लहान वयात लग्नं करतात, लग्नात कर्ज काढतात. हा शिक्षणाचा आणि सवयींचा प्रश्न नाही का? विषमतेला किती दिवस दोष देणार? – एक नियमित वाचक

तुम्ही स्पष्ट विचारलंत ते बरं झालं. मनात हे अनेकांच्या असतं.

लहान वयातल्या लग्नाचंच घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, २० ते २४ वयाच्या ज्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालं, त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के निघालं. दुप्पट. बीडची माणसं मुलीवर कमी माया करतात का? ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल जोडीला मिळते. लग्न झालं की पोराचा पूर्ण कोयता होतो. दुसरीकडे मुलीच्या आईबापांना सहा महिने फडावर जायचंय आणि वयात आलेल्या मुलीला गावात म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायचा जीव होत नाही, सोबत नेऊन कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, ठेवायचा तर त्याहून होत नाही. मग सोळाव्या वर्षी उजवून टाकतात. सतराव्या वर्षी पहिलं मूल, विशीत दुसरं, मग नसबंदी, मग पंचविशीत पिशवी. कायदा अठराचा आहे आणि तो असायलाच हवा. पण ज्या गावात मुलींचं वसतिगृह हंगामभर नीट चाललं, तिथे आईबापांनी मुली मागे ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांना सवय कुणी शिकवली नव्हती. सुरक्षित जागा मिळाली होती.

मोफत उपचाराचं म्हणाल, तर घड्याळ बघा. प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी सकाळी आणि मग संध्याकाळच्या आधी काही तास. टोळी पहाटे फडात जाते आणि गाडी भरल्याशिवाय परतत नाही. ओपीडीच्या वेळेत यायचं तर दोघांचा दिवस बुडतो, कारण अर्धा कोयता चालत नाही. केसपेपर फुकट झाला तरी तो दिवस फुकट होत नाही.

मी सरकारी नोकर होते. माझ्या दोन्ही बाळंतपणांना भरपगारी रजा मिळाली. आज कायद्याने नोकरदार बाईला २६ आठवडे मिळतात. त्याच केंद्रात माझ्यासमोर तपासायला बसलेली बाई नवव्या महिन्यात मोळ्या वाहत होती, कारण कागदोपत्री ती कारखान्याची कामगार नसते. तिचा व्यवहार मुकादमाशी, आणि तोही बहुधा तिच्या नवऱ्याच्या अंगठ्यावर. मी जास्त शिकलेले होते हे खरं, पण माझं बाळ त्या शिक्षणाने वाचलं नाही, रजेने वाचलं. मी घरी बसून पाजू शकले.

कर्ज, दारू, देखावा, यांवर मी गावात भांडत आलेय आणि भांडत राहीन. पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांनी यातलं काहीही केलेलं नसायचं आणि त्यांचं हिमोग्लोबिन सात असायचं. कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारने द्यायचे, अशा पैशावर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं केलं आहे. त्या पैशातून आजारपणाचे आणि बाळंतपणाचे खाडे भरून द्यावेत, ही माझी मागणी आहे. तुमच्यासारख्या निवृत्त, हिशेब कळणाऱ्या माणसांनी हा पैसा किती जमला आणि कशावर खर्च झाला ते माहितीच्या अधिकारात विचारावं, अशी विनंतीही आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत मुलींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतो. तरी तपासणीत रक्त कमीच. गोळी खराब असते का? – शिक्षिका, अंबाजोगाई

गोळी चांगली आहे, ती थांबवू नका. उपाशीपोटी दिली तर मळमळते आणि मुली ती हळूच टाकून देतात. म्हणून शाळेच्या जेवणानंतर, तुमच्यासमोर द्या. चहा तासभर मागे-पुढे. जंताची गोळी वर्षातून दोनदा चुकवू नका. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्त कमी निघालं, आणि आधीच्या फेरीत हाच आकडा ४८ होता. गोळ्या वाटत असताना आकडा वाढतो, याचा अर्थ ताटात काहीतरी कमी पडतंय. मुलींना विचारा, काल डाळ किती जणींनी खाल्ली आणि घरात शेवटी कोण जेवतं. उत्तरं पालकसभेत वाचून दाखवा, नावं न घेता.

प्रश्न : मी वाळवा तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. गावाबाहेर दरवर्षी ऊसतोड्यांच्या कोप्या पडतात. या वर्षी एक गरोदर बाई आणि बरीच लहान लेकरं आहेत. सिस्टर म्हणतात, ही माणसं आमच्या यादीत नाहीत. आम्ही गावकरी काय करू शकतो?

सर, सिस्टर वाईट नाहीत. त्यांच्या कामाचा पायाच तसा घातलेला आहे. मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि ती लोकसंख्या म्हणजे गावात कायम राहणारी माणसं. हंगामात हजारो माणसं येतात, तेव्हा सिस्टर वाढत नाहीत, लसी वाढत नाहीत. तिकडे बीडमध्ये आमच्या यादीत नावं असायची आणि माणसं नसायची. तुमच्याकडे माणसं आहेत आणि नावं नाहीत. सहा महिने ती माणसं दोन्हीकडच्या कागदांतून गळतात.

पण नियमाने सिस्टरला 'नाही' म्हणता येत नाही. लस कुठल्याही लसीकरण सत्रात मिळते, गाव लागत नाही. गरोदर बाईकडे माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर त्यावर पुढच्या तपासण्या तिथेच नोंदवता येतात. नसेल तर नवीन काढता येतं. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, तिथपर्यंतची गाडी, औषधं आणि परतीची गाडी २०११ पासून मोफत आहे. तिची तारीख विचारून ठेवा. १०२ आणि १०८ हे दोन नंबर कोपीत लिहून द्या आणि रात्री गाडी नेमकी कुठे यावी ते ठरवून ठेवा. ऊस पेटवल्यावर, तोडल्यावर खुणा बदलतात आणि ड्रायव्हर अंधारात फिरत राहतो.

रेशनचंही बघा. कार्ड तिकडचं असलं तरी धान्य इथल्या दुकानातून उचलता येतं. घरी म्हातारी माणसं असतील तर थोडं तिकडे, थोडं इकडे असंही. दुकानदार पहिल्या दिवशी नाही म्हणेल. तुम्ही सोबत गेलात तर देईल, शिक्षकाच्या शब्दाला गावात अजून वजन आहे. अंगणवाडीताईंना लेकरांची वजनं घ्यायला सांगा. टँकरचं पाणी आणि बायकांसाठी चार पत्र्यांचा आडोसा, हे ग्रामपंचायत एका ठरावात करू शकते. कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडणीच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला, धरलंत तर टोळ्यांची यादी मिळेल. ती सिस्टरच्या हातात द्या. त्यांच्या कागदावर नाव चढलं की काम आपोआप सुरू होतं, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आम्ही मानखुर्दला पुनर्वसनाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. आई घरकाम करते. तिला टीबी निघाला. कामाच्या घरी कळलं तर काम जाईल म्हणून ती सांगायला तयार नाही आणि घरी बसायलाही नाही. आमच्या मजल्यावर आणखी दोन घरांत टीबी आहे. घर आम्ही स्वच्छ ठेवतो. मग का होतो? – एक विद्यार्थिनी

बाळ, तुमच्या स्वच्छतेचा यात दोष नाही. टीबीचे जंतू हवेतून पसरतात, आणि जिथे ऊन आणि वारा येत नाही तिथे ते हवेत जास्त वेळ टिकतात. तुमच्याकडच्या कित्येक इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर आहे, खालच्या मजल्यांवर दुपारी दिवा लावावा लागतो. मानखुर्द-गोवंडीच्या अशा वसाहतींची पाहणी झाली, तेव्हा जिथे उजेड आणि हवा कमी तिथे टीबीची घरं जास्त निघाली. झोपडी जाऊन पक्कं घर मिळालं, पण इमारतींत किती अंतर ठेवायचं हे ठरवणाऱ्यांनी फुप्फुसांचा विचार केला नाही. त्याची किंमत तुझी आई देतेय.

आता आईचं. औषधांना दाद देणारा टीबी असेल तर नियमित गोळ्या सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत इतरांना लागण होण्याची शक्यता खूप कमी होते. म्हणून ते पहिले दिवस घरी राहणं महत्त्वाचं आहे. कामावर कारण काय सांगायचं ते तिला ठरवू दे, 'ताप आहे' म्हटलं तरी चालेल. तोवर मास्क, खिडकी उघडी, आणि जमल्यास झोपायला खिडकीजवळची जागा. थुंकीची सीबीनॅट तपासणी झाली का ते विचार, त्यात औषधाला न जुमानणारा टीबी कळतो. तो असेल तर दोन आठवड्यांचा हिशेब लागू होत नाही, गोळ्याही वेगळ्या असतात.

सरकारकडून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये आहारासाठी मिळतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते. बँक खातं जोडलंय का ते केंद्रावर बघून घे. हे पैसे औषधाइतकेच महत्त्वाचे आहेत. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना महिन्याचं धान्य आणि डाळ देऊन बघितली, तर घरात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. २०२३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हा अंडी, शेंगदाणे, डाळ आईच्या ताटात तर वाढच, तुझ्या आणि भावंडांच्याही वाढ. तुम्हा सगळ्यांची तपासणी आणि टीबी नसल्यास प्रतिबंधक गोळ्या, हे दोन्ही केंद्रावर मोफत आहे.

ज्यांच्या घरी कामाला बाई येते त्या वाचकांनाही इथेच सांगते. तिला टीबी झाल्याचं कळलं तर दोन आठवडे पगारी सुट्टी द्या आणि पुन्हा कामावर घ्या. ते झाकून ती तुमच्या घरी खोकत राहिली, तर त्यात तिचं आणि तुमचं दोघांचंही नुकसान आहे.

आणि बाळ, निक्षयचा, म्हणजे सरकारी टीबी कार्यक्रमाचा, मोफत नंबर १८००-११-६६६६ आहे. पैसे अडकले, गोळ्या संपल्या, केंद्रावर कुणी नीट बोललं नाही, कशासाठीही फोन कर. शेजारच्या त्या दोन घरांनाही हा नंबर दे.